कोल्हापुरी चप्पल आणि तिची बाजारपेठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारंपरिक हस्तकला मागे का पडल्या आणि त्यांना पुन्हा उभारी कशी देता येईल, यावर बोलताना सगळ्या कलांना एकच कारण आणि एकच उपाय लावला जातो. त्याऐवजी एकच धंदा नीट पाहिला, तर अडचण नेमकी कुठे आहे ते लवकर उमगते. म्हणून येथील बहुतेक प्रश्न कोल्हापुरी चपलेभोवतीचे आहेत. इतर कलांचा उल्लेख जेथे खरोखर जोडला जातो तेथेच केला आहे.

कोल्हापुरी चपलेला आता मागणीच उरलेली नाही, हे खरे आहे का?

नाही. मुंबई-पुण्याच्या पदपथांपासून विमानतळावरील दुकानांपर्यंत ‘कोल्हापुरी’ या नावाने चपला विकल्या जातात, आणि लग्नसराईत व सणासुदीला त्यांचा खप वाढतो. घटली आहे ती हाताने शिवलेल्या, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याच्या चपलेची संख्या आणि ती घडवणाऱ्या घरांची संख्या. नाव बाजारात जोरात चालते आहे आणि ते नाव कमावून देणारा कारागीर मात्र त्याच बाजारात मागे ढकलला गेला आहे, ही या धंद्याची खरी अडचण आहे. त्यामुळे केवळ ‘जाहिरात वाढवा, मागणी वाढेल’ या सल्ल्याने फारसे काही साधत नाही. वाढलेली मागणी कोणाच्या मालाने भागते, हे आधी पाहावे लागते.

खरी कोल्हापुरी कशी तयार होते?

कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरील केस काढले जातात आणि नंतर बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात ते कमावले जाते. कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात हा अर्क भरून ती टांगून ठेवतात, म्हणजे अर्क हळूहळू कातड्यात मुरतो. या कामाला काही आठवडे लागतात. क्रोमियमचे क्षार वापरून हेच काम फार कमी वेळात उरकते, आणि बाजारातील स्पर्धेत हा वेळेचा फरकच निर्णायक ठरतो.

कमावलेल्या चामड्यातून तळ, टाच, दोन्ही बाजूंचे कान, वरचा पट्टा आणि अंगठा हे भाग रापीने, म्हणजे चामडे कापण्याच्या हत्याराने, कापले जातात. तळासाठी जाड, मुख्यत्वे म्हशीचे चामडे लागते, तर वेणीसाठी शेळीचे पातळ व मऊ चामडे घेतात. आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवण घातली जाते. अस्सल चपलेत लोखंडी खिळा नसतो. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, कचकडी, पुकरी असे तिचे प्रकार आहेत, आणि त्यांतील पहिल्या दोहोंची नावे थेट कागल तालुक्यातील कापशी आणि शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड या गावांवरून आली आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, या धंद्याला राजाश्रय मिळाला, आणि १९७०च्या दशकात पाश्चात्त्य तरुणांमध्ये ती लोकप्रिय झाल्याने निर्यातीची वाट रुंदावली.

मग धंदा नेमका कोठे अडला?

सर्वांत आधी चामड्याशी. या प्रश्नाची चर्चा बहुधा नक्षी, ब्रँड आणि प्रदर्शने यांभोवती फिरते, परंतु कारागिराशी बोलू लागल्यास पहिला विषय निघतो तो चामड्याचा, आणि म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

पूर्वी कातडे कमावणारा आणि चप्पल शिवणारा हे एकाच शहराचे रहिवासी होते. कोल्हापुरातील जवाहरनगर भागात ढोर समाजाची कुटुंबे कातडे कमावत आणि चर्मकार समाजाचे कारागीर ते पाहून, हाताळून, कधी उधारीवर विकत घेत. चामडे कमी-जास्त कमावले गेले तर तक्रार त्याच दिवशी समोरासमोर होई. कमावणीचे काम दुर्गंधीचे, अंगमेहनतीचे आणि सामाजिक अवहेलनेचे होते. त्यात सांडपाण्यावरचे निर्बंध आले, जागा अपुरी पडू लागली आणि पुढच्या पिढीने, अगदी योग्य कारणांनी, दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या. आता पिशवी पद्धतीने कातडे कमावणारी मोजकीच घरे राहिली आहेत.

दुसरा बदल कायद्याचा आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि कर्नाटकातही २०२१ पासून कडक कायदा लागू आहे. महाराष्ट्रात म्हशीचे चामडे या बंदीत येत नाही. तरीही कातडे कोणत्या जनावराचे आहे यावरून वाटेत अडवणूक होईल या भीतीने वाहतूकदार आणि व्यापारी हात आखडता घेऊ लागले, आणि कायदेशीर मालाचा पुरवठाही त्यामुळे विस्कळीत झाला. कायद्यामागील भूमिकेबद्दल मतभेद असू शकतात, परंतु वैध मालाला सुरक्षित वाट देण्याची जबाबदारी शासनाची आहे आणि ती पुरेशी पार पाडली गेलेली नाही, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

याचा परिणाम असा की कारागिराला चेन्नई किंवा कोलकाता येथून आलेले चामडे दलालामार्फत घ्यावे लागते. ते महाग पडते, न पाहता घ्यावे लागते आणि अनेकदा त्याची कमावणी वेगळ्या पद्धतीची असते. कोल्हापुरीचा रंग, कडकपणा आणि पायाच्या आकारानुसार बसण्याचा गुण या सगळ्यांचे मूळ कमावणीत आहे, त्यामुळे चामडे बदलले की शिवणारा हात कितीही कसलेला असला तरी चप्पल बदलते.

बाजारात नकली कोल्हापुरी ओळखायची कशी?

तळ बाजूने पाहावा. त्यात चामड्याचे थर दिसले पाहिजेत. रबर, फोम किंवा पुठ्ठा दिसला तर ती कोल्हापुरी नव्हे. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची आहे की चामड्याच्या वादीची, वेणी हाताने विणलेली आहे की साच्यातून उठवलेली, हे जवळून पाहिल्यावर समजते. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याला स्वतःचा एक वास असतो, तर रेक्झिनला रसायनाचा दर्प येतो. दोन्ही पायांच्या चपला अगदी तंतोतंत सारख्या असतील, तर त्या यंत्रावरच्या असण्याची शक्यता अधिक. किंमत ही एकटी खूण विश्वासार्ह नाही, कारण नकली मालही चढ्या दराने विकला जातो. परंतु अगदी स्वस्तात मिळणाऱ्या चपलेत एवढे चामडे आणि एवढी मजुरी बसूच शकत नाही, एवढा हिशेब ग्राहकाने मनात ठेवावा.

भौगोलिक मानांकन मिळाले, तरी नकली माल थांबला का नाही?

भौगोलिक मानांकन (जीआय) म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण. कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ मध्ये जाहीर झाले. ते महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ (लिडकर) यांच्या नावे संयुक्तपणे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातील चार, अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. हे दोन राज्यांचे सामाईक मानांकन आहे याबद्दल कधीमधी नाराजी ऐकू येते. ती अनाठायी आहे, कारण अथणी, निपाणी आणि कोल्हापूर यांच्यामधून राज्याची सीमा आता जाते, कारागिरी त्यापूर्वीपासून दोन्हीकडे आहे.

मानांकन देणारा कायदा १९९९ चा असून तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. खोटे मानांकन वापरून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कायदा कमकुवत नाही, पण तो आपोआप चालत नाही. कोणीतरी बाजारात जाऊन पाहावे लागते, तक्रार करावी लागते, प्रकरण लावून धरावे लागते. हे काम एकट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही आणि महामंडळांनी ते पुरेशा नेटाने हाती घेतलेले नाही.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. दोन महामंडळे ‘नोंदणीकृत मालक’ आहेत, परंतु प्रत्यक्ष कारागिराला किंवा उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ही नोंदणी नसेल तर त्याच गल्लीत तीन पिढ्या चपला शिवणाऱ्या माणसालाही मानांकनाचे चिन्ह वापरता येत नाही. म्हणून मानांकन मिळाल्याचा सोहळा झाल्यानंतर खरे काम सुरू होते : घरोघरी जाऊन अर्ज भरून घेणे, कागदपत्रे पूर्ण करणे आणि चिन्ह चपलेवर येईपर्यंत पाठपुरावा करणे. अलीकडे चपलेसोबत क्यूआर कोड देऊन कारागिराची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा उपक्रम लिडकॉमने सुरू केला आहे. त्याचा उपयोग किती होईल हे तो कोड किती लहान कारागिरांच्या हाती पोहोचतो यावर ठरेल.

प्राडाच्या प्रकरणातून कारागिरांना काय मिळाले?

जून २०२५ मध्ये मिलान येथील पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला सादर केल्या आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नाही. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी सामंजस्य करार केला आणि महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड बनवून घेण्याची, तसेच प्रशिक्षणाची घोषणा केली. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो ठेवण्याचा विचार तेव्हा सांगण्यात आला.

यातून शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. एक, भौगोलिक मानांकन प्रामुख्याने नावाचे संरक्षण करते, आकाराचे किंवा नक्षीचे नाही. ‘कोल्हापुरी’ हे नावच न वापरणाऱ्यावर त्या कायद्याने कारवाई करणे अवघड जाते, शिवाय भारतातील नोंदणी परदेशात आपोआप लागू होत नाही. दोन, दोन हजार जोडांनी कौतुक होईल आणि काही हातांना चांगले कामही मिळेल, पण आठ जिल्ह्यांच्या धंद्याचा संसार स्थानिक आणि प्रादेशिक बाजारावरच चालणार आहे. मिलानकडे डोळे लावताना सांगली-सोलापूरच्या बाजारपेठेत रेक्झिनची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते, याकडे दुर्लक्ष होऊ नये.

दुकानात दिलेल्या पैशांतून कारागिराच्या हाती किती पडते?

एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही, परंतु व्यवहाराची रीत सांगता येते. बहुतेक लहान कारागीर व्यापाऱ्याकडून चामडे किंवा रोख उचल घेतात आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला देतात. भाव मग व्यापारीच ठरवतो, कारण उचल फिटेपर्यंत माल दुसरीकडे नेता येत नाही. पावसाळ्यात विक्री मंदावते, ओलसर हवेत चामडे वाळत नाही आणि घरात पैसा येत नाही. नेमक्या याच काळात उचल वाढते आणि दिवाळीच्या हंगामाचा माल आधीच गहाण पडल्यासारखा होतो. व्यापारीही जोखीम घेतो, दुकानाचे भाडे भरतो, न खपलेला माल सांभाळतो, त्यामुळे त्याला सरसकट दोष देणे न्याय्य नाही. परंतु कारागिराला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी स्वस्त खेळते भांडवल मिळाले, तर भाव ठरवताना त्याला तोंड उघडता येईल. माझ्या मते कोणत्याही प्रदर्शनापेक्षा ही मदत अधिक मोलाची आहे.

कारागिरांची मुले हा व्यवसाय सोडतात. त्यांना थांबवायला नको का?

या प्रश्नातील गृहीतच तपासून पाहावे लागते. चामड्याचे काम जातीशी बांधले गेले होते आणि ते करणाऱ्यांना गावकुसाशी, पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात अपमान सोसावा लागला. त्या घरातील मुलगी परिचारिका झाली किंवा मुलगा अभियंता झाला, तर ती वारशाची हानी नव्हे. ज्या समाजाने हा वारसा कधी सन्मानाने पाहिला नाही, त्याने आता ‘परंपरा जपा’ असा आग्रह त्याच घरांकडे धरणे योग्य नाही. परंपरा टिकवायची तर हे काम शिकणे सर्व जातींच्या मुलामुलींना खुले असले पाहिजे, त्यात आयटीआयमधील एखाद्या चांगल्या अभ्यासक्रमाइतकी प्रतिष्ठा असली पाहिजे, आणि कुशल कारागिराची मिळकत शहरातील सुरक्षारक्षकाच्या पगारापेक्षा कमी असता कामा नये. यातील शेवटची अट पूर्ण झाली, तर पहिल्या दोन बऱ्याच अंशी आपोआप साधतील.

या कामात स्त्रियांचा वाटा किती असतो?

फार मोठा असतो आणि फार कमी नोंदला जातो. वेणी विणणे, पट्ट्यावरील नक्षी, गोंडे, शेवटची सफाई ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. पुरुष कापणी आणि तळाची शिवण करतात आणि विक्रीही तेच करत असल्याने ‘कारागीर’ म्हणून त्यांचेच नाव लागते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अथणी येथे टोहोल्ड या नावाने जे संघटन उभे राहिले, त्यात स्त्रियांच्या बचतगटांना उत्पादनात आणि निर्णयात स्थान दिले गेले. दोन्ही राज्यांना अनुकरण करण्याजोगा असा तो प्रयोग आहे.

सध्या कोणत्या शासकीय योजना उपयोगी पडतात?

पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तिच्यातील १८ व्यवसायांमध्ये पादत्राणे बनवणाऱ्यांचा समावेश आहे. सामायिक सुविधा केंद्रातून नोंदणी होते. प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत कर्ज मिळते : पहिल्या टप्प्यात एक लाख, तर दुसऱ्यात दोन लाख रुपयांपर्यंत. मात्र एका कुटुंबातील एकालाच लाभ घेता येतो, आणि व्यवहारात बहुतेक वेळा पतीचे नाव लागते. वर सांगितलेल्या कारणासाठी ही अट या धंद्याला विशेष जाचक आहे आणि ती बदलण्याची मागणी कारागीर संघटनांनी लावून धरली पाहिजे.

केंद्र शासनाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळणारे ‘पहचान’ ओळखपत्रही काढून ठेवावे, कारण शासकीय प्रदर्शनांतील गाळ्यांसाठी ते विचारले जाते.

जीएसटीचा परिणाम काय झाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिजोड २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. सर्वसाधारण कोल्हापुरी पहिल्या गटात मोडते, त्यामुळे दिलासा मिळाला आहे. परंतु हाताने केलेल्या बारीक वेणीकामाच्या उंची चपला, ज्यांत मजुरीचा भाग सर्वाधिक असतो, त्या दुसऱ्या गटात जातात. हस्तनिर्मित पादत्राणांसाठी ही मर्यादा वेगळी असावी.

प्रदर्शने आणि रेल्वे स्थानकांवरील विक्री केंद्रांचा फायदा होतो का?

होतो, पण मर्यादित. मुंबईतील महालक्ष्मी सरस, पुण्यातील भीमथडी जत्रा यांसारख्या ठिकाणी कारागीर ग्राहकाशी थेट बोलतो आणि कोणत्या मापाला, कोणत्या रंगाला मागणी आहे हे त्याला समजते. ‘एक स्थानक एक उत्पादन’ या रेल्वेच्या योजनेत स्थानिक वस्तूंना स्थानकावर जागा मिळते. मात्र आठ-दहा दिवसांच्या प्रदर्शनासाठी दुकान बंद ठेवणे, माल नेणे आणि शहरात राहण्याचा खर्च करणे लहान कारागिराला परवडत नाही, त्यामुळे गाळ्यावर अनेकदा व्यापारीच दिसतो. आयोजकांनी गाळा देताना ‘हा माल तुम्ही स्वतः बनवता का’ हे तपासले, आणि प्रवासखर्च प्रदर्शनानंतर काही महिन्यांनी देण्याऐवजी आधी दिला, तर चित्र बरेच बदलेल.

महाराष्ट्रातील इतर हस्तकलांची स्थितीही अशीच आहे का?

कच्च्या मालाचा प्रश्न जवळजवळ सगळीकडे आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड लागायचे आणि ते आता सहज मिळत नाही. घोंगडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. सणगर समाजाचे कारागीर खड्ड्याच्या मागावर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्यांची खळ देतात. मेंढपाळांना लोकरीचा भाव कातरणीच्या मजुरीएवढाही मिळेना, तेव्हा त्यांनी मांसासाठी वजनदार, आखूड केसांच्या माडग्याळसारख्या जातींकडे मोर्चा वळवला. माग तेच राहिले, पण लोकरच कमी झाली.

येवल्याची पैठणी मात्र वेगळे चित्र दाखवते. यंत्रमागावरच्या नकली पैठण्यांचा पूर तेथेही आला, तरी हातमाग टिकला, कारण ग्राहक थेट विणकराच्या घरी जाऊन माग पाहतो, साडीची उलटी बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ आहे ना हे तपासतो आणि मग पैसे मोजतो. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला येणारा भाविक चप्पल लाईन या चपलांच्या बाजारात जातो, पण चप्पल शिवताना क्वचितच पाहतो. येवल्यासारखी कार्यशाळा-भेट कोल्हापुरात आणि कापशीत रुजवणे फार खर्चाचे काम नाही.

कोल्हापुरी टिकते किती आणि तिची निगा कशी राखावी?

नीट वापरली तर अनेक वर्षे टिकते. भर पावसात घालू नये. भिजल्यास उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी आणि नंतर चामड्याला हलकेसे तेल लावावे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवल्यास बुरशी येते. सुरुवातीचे काही दिवस ती टोचते, तेव्हा थोडा थोडा वेळ घालून पायाला सवय करून द्यावी.

कारागिराकडून थेट चप्पल करून घ्यायची असेल तर काय करावे?

कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ काढावी आणि अंगठ्याची व चवड्याची जाडी फितीने मोजून त्यावर लिहावी. बहुतेकांचे दोन्ही पाय थोडे वेगळे असतात, त्यामुळे एकाच पायाचे माप देऊ नये. चामडे वनस्पतींनी कमावलेले हवे, शिवण वादीची हवी, असे आधीच स्पष्ट सांगावे आणि त्यासाठी लागणारा वेळ द्यावा. दोन दिवसांत चप्पल मागितली तर कारागिराला तयार तळ बाहेरून आणण्यावाचून पर्याय उरत नाही. सांगितलेल्या भावात घासाघीस करण्यापेक्षा निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. त्या पैशातून चामडे रोखीने घेता येते, आणि तेवढ्या जोडापुरती तरी व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागत नाही.